दाट

रक्त नळीत उतरलं सावकाश,
काकवीसारखं, जरा विचार करत.
लवू कोयंडे खूश.
‘बघलंस मां? दाट हा माजा रगात.
पातळ असता तर कधीच गेलंय असतंय.’

केसपेपरावर मी आधीच लिहून ठेवलं होतं :
वरचा एकशे अडुसष्ट, खालचा एकशे चार.

आमच्या खोलीतून देवगडचं बंदर दिसत नाही,
नुसतं ऐकू येतं.
बर्फ फुटतो. एखादं इंजिन खोकून बंद पडतं.
‘पराडकराची बोट. इंजेक्टर गेलो तिचो.’
चौतीस वर्षं यांनी लोकांच्या लाँचींची इंजिनं उघडली,
डिझेलच्या धुरात, विडीच्या धुरात,
घामाइतकंही पाणी न पिता.
दंडाला पट्टा आज पहिल्यांदा.

यंत्र फिरून थांबलं.
खाली लाल. वर पिवळसर निवळ यायला हवी होती,
आली नारळाच्या रसासारखी दुधट.
उपाशीपोटी या म्हटलं होतं ना?
‘उपाशीच असंय. रात्री काय ते वडे-कोंबडी.
बारसा होता.’
लाल भाग शंभरात चोपन्न.
मी दुसऱ्यांदा मोजला.

सांगायचं काम डॉक्टरांचं,
आणि डॉक्टर मीटिंगला ओरोसला.
म्हणून मीच म्हटलं :
दाट म्हणजे ताकद नव्हे, काका.
दाट म्हणजे ढकलायला जड.
काळीज जोर लावतं, भिंतींवर रेटा येतो,
आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं,
घावनाच्या जाळीहून पातळ,
ते दुखावतं, आणि दुखावल्या जागी
ही दुधट चरबी मुरते.
भिंत ताठते. ताठली की दाब आणखी चढतो.
सुरुवात कुणी केली, रक्तानं की नळीनं,
ते मला विचारू नका.

ते ऐकत होते डोळे मिटून, मान कलती,
इंजिन ऐकावं तसे.
मग : ‘म्हंजे डिझेल घाण आणि पायप कडक.
माका सांग, तू पायप कसो तपासतंस?’

पाइप नाही तपासत आम्ही. इथे तरी नाही.
आत वाहतं ते काढतो, मोजतो, लिहितो.
‘मगे अर्धाच बघतंस.’

शुक्रवारी रिपोर्ट न्यायला आले
ते पिशवीतून रबराचे दोन तुकडे घेऊन.
एक कापलेला, जुना. बाहेरून धड.
आत काळा थर, मधे करंगळी जाईल न जाईल.
‘भायरसून कायएक दिसणा नाय. दाबून बघ.’
दाबला. हलला नाही.
नवा दिला हातात. अंगठ्याखाली बसला,
सोडल्यावर आपणहून गोल झाला.
‘नवो दम खाता,’ ते म्हणाले, ‘जुनो खायना.
मगे सगळो दणको फुडे, सांध्याक, इंजिनाक.’
आणि जरा थांबून,
‘पायपाचो दोष नाय बाये.
चवदा वर्सां त्याच्यातसून काय काय ग्येला.’

पुस्तकात याला मोठा शब्द आहे.
परीक्षेत मी तो बरोबर लिहिला होता.

गोळी सुरू झाली. विडीवर घासाघीस झाली,
सहावरून तीनवर आले, पुढे सरकेनात.
पाणी पितो म्हणाले, शपथेवर.
जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले
खारवलेले बांगडे टेबलावर.
काका, मीठ!
‘तुका हत, माका नाय,’ आणि हसत जिना उतरले,
मधल्या पायरीवर टेकून, श्वास घेऊन.

जुना तुकडा माझ्या टेबलावरच राहिला,
पंख्याखाली उडणाऱ्या चिठ्ठ्यांवर.
पुढची बाई बाही वर करते.
शीर शोधताना बोट हल्ली क्षणभर जास्त रेंगाळतं,
दाबते, सोडते, परत येते का बघते.
ही शीर, धमनी नव्हे;
बोटाला कळणार काहीच नाही, ठाऊक आहे मला.
‘काय बघतंस गो?’ ती विचारते.
काही नाही, म्हणते.
मूठ आवळा.